परवानगीचा कागद

"आज भाजी कोणती केली वं?" असं त्या विचारायच्या, आणि समोरची बाई वांगं म्हणावं की भेंडी म्हणावं या विचारात असतानाच तिच्या बोटाला सुई टोचून मोकळ्या व्हायच्या. पुरुषांना भाजी विचारत नसत. "निघताना गॅस बंद केला होता ना गा?" हा त्यांच्यासाठीचा प्रश्न. बोटावर कापूस दाबून तो माणूस फाटकापर्यंत पोचायचा तरी गॅसचाच विचार करत असायचा. कामठी रोडच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये तुम्ही कधी रक्त तपासून घेतलं असेल, तर या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. केंद्रात आम्ही त्यांना ताई म्हणायचो. वस्तीत त्यांना दोन नावं होती. तोंडावर रक्तवाली ताई, आणि पाठीमागे लग्नमोडी.

मी त्याच आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीत बसतो. चिडका म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण ताईंवर चिडून काही उपयोग नसायचा. त्या ऐकून घेत आणि आपलं तेच करत.

आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून रक्तात येणारा आजार, फार. ज्याच्या रक्तात तो नुसता दडून आहे, त्याला पिवळं कार्ड. त्या माणसाला स्वतःला फारसा त्रास नसतो. पण आईबाप दोघंही पिवळ्या कार्डाचे असले, तर दर बाळंतपणाला चारातून एकदा लाल कार्डाचं लेकरू व्हायची भीती असते. लाल कार्ड म्हणजे जन्मभर हाडं ठणकणं, दवाखान्याच्या चकरा आणि रक्त चढवणं. लग्न जुळवताना मात्र लोक पत्रिका बाहेर काढतात आणि कार्ड पिठाच्या डब्याखाली सारतात. ताईंना हे सहन होत नसे. दोन पिवळी कार्डं एका मांडवात चालली आहेत असं कळलं, की त्या सरळ मुलीच्या घरी जाऊन बसत आणि चहा संपायच्या आत सांगून टाकत. अशा तीन सोयरिकी त्यांनी मोडल्या.

तिसरीचं वाईट झालं. मुलीच्या रक्तातच खोट आहे, एवढीच गोष्ट वस्तीभर पसरली. नंतर तिला स्थळच येईना. धाकटीचं लग्न झालं, ही घरीच राहिली. आमच्या केंद्रासमोरून जाताना ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायची. ताई खिडकीतून बघत. एकदा मला म्हणाल्या, चूक झाली का हो माझी? मी म्हटलं, मला गोळ्यांचं विचारा. आज त्याची लाज वाटते.

त्याच वर्षी, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी परदेशातल्या एका विद्यापीठाच्या जागतिक आरोग्याच्या प्रमाणपत्राला अर्ज केला. घरबसल्या शिकायचं, इंटरनेटवरून, तीन वर्षांत पूर्ण करायचं. शिष्यवृत्तीही मिळाली. केंद्रातले सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. तिकडचं शिकून इकडे बोटंच टोचणार ना, असं मी म्हणालो सुद्धा. त्यांनी खरं कारण फक्त मला सांगितलं. "एवढे मोठे लोक बसले आहेत जगात. कोणाले तरी मालूम असंल ना, सांगाचं का नाही सांगाचं?"

तास सकाळी साडेसहाला. घरी नेटवर्क धड नाही, म्हणून वर्ग भरायचा आमच्या औषधांच्या कोठीत, आणि कोठीची किल्ली माझ्याकडे. म्हणजे विद्यापीठ त्यांचं आणि झोपमोड माझी. ताई खोक्यांवर लॅपटॉप ठेवून बसायच्या, मी दाराबाहेर स्टुलावर पेपर वाचत. आतलं इंग्रजी कानावर पडायचं. न कळलेलं त्या नंतर मला समजावून सांगायच्या, म्हणजे त्यांना ते नीट कळायचं. आपोआप माझंही थोडं शिक्षण झालं.

वर्गात जगभरची माणसं होती. दर आठवड्याला कोणत्याही दोन सोबत्यांच्या लिखाणावर उत्तर द्यायचं, असा नियम. ताई सगळ्यांना उत्तर देत. मी म्हटलं, दोघांनाच द्यायचं आहे ना? तर म्हणाल्या, बाकीच्यांना वाईट वाटणार नाही का? परीक्षेच्या दिवशी कॅमेरा चालू ठेवायचा आणि खोलीत दुसरं कोणी नको. नेमकं तेव्हाच एक म्हातारे गृहस्थ खोकल्याचं औषध मागत थेट कोठीत शिरले. परीक्षा थांबली. हे कोण, ते का आले, असा खुलासा ताईंना लिहून द्यावा लागला. दाराशी मी होतो, पण पेपरात डोकं घालून. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही.

मग तो धडा आला. कोठीतून बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. माणसाचं रक्त त्याचं असतं, त्यातलं जे कळलं तेही त्याचंच, आणि त्याच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. त्याला समजवायचं, पुन्हा पुन्हा समजवायचं, पण तोंड उघडायचं त्यानेच. हे सांगताना त्या रडल्या. तीनदा आपलं चुकलं हे कळलं होतं, आणि ज्यासाठी शिकायला बसल्या ते उत्तरही मिळालं होतं. त्या संध्याकाळी त्या तिसऱ्या मुलीच्या घरी माफी मागायला गेल्या. तिने दार उघडलं नाही.

पुढच्या लग्नसराईत एक मुलगा आपणहून रक्त तपासायला आला. कामठीचा, नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत, लग्न ठरलेलं. कार्ड पिवळं निघालं. मुलगी आमच्याच वस्तीतली. ती आठवीत असताना तिचं पिवळं कार्ड ताईंनीच लिहिलं होतं. म्हणजे दोघांचंही माहीत असलेलं माणूस जगात एकच, आणि केंद्राची नोंदवही हाताखालून जाते म्हणून दुसरा मी.

ताईंनी त्याला तासभर समजावलं. तो म्हणाला, सांगतो, पण तुम्ही सांगू नका. दोनदा फोन केला, दोन्हीदा हो म्हणाला. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. मग ताई मुलीला भेटल्या आणि त्याचं नावही न घेता म्हणाल्या, नवऱ्याचं कार्ड मागून घे. ती लाजली. म्हणाली, हळदीच्या आधी कार्डाचं नाव काढू नको म्हणते आई. लग्नाची पत्रिका केंद्रात आली तेव्हा मीच न राहवून म्हटलं, ताई, आता तरी बोला. त्या म्हणाल्या, त्याने नाही म्हटलं आहे. लग्नाला मी गेलो, पोटभर जेवलो. ताई आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मुलगा झाला. नऊ महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही हात आणि पाय सुजले. तो रडत होता ते आवारातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जात होतं. ताईंनी त्याचं रक्त घेतलं. त्या दिवशी कोणाला भाजी विचारली नाही. आठ दिवसांनी लाल कार्ड त्यांनीच भरलं. नाव लिहिताना पेन दोनदा थांबलं, मी पाहिलं.

प्रमाणपत्राला आता एकच गोष्ट उरली होती. आपल्या कामातल्या एका निर्णयावर निबंध. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचा परवानगीचा कागद सोबत हवा, लेकरू असेल तर आईचा. मी म्हटलं, कुलरमधल्या डेंगूच्या डासांवर लिहा, त्यांची परवानगी लागत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुसरं लिहिलं तर मी शिकली काय?"

कागद त्यांनी स्वतः मराठीत उतरवला, सुवाच्य अक्षरात. त्या पोराच्या घरी जाताना सोबत मला नेलं. का नेलं, माहीत नाही. कदाचित एकटीने जायची हिंमत नसेल. नवरा ड्युटीवर होता. ती लेकराला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. ताईंना बघून तिने पोराला सावरून बसायला जागा केली. कागद पुढे केला, तर तिने वाचलाही नाही. आमच्या वस्तीत आम्ही पुढे केलेला कुठलाही कागद कोणी वाचत नाही. तिने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "कुठं करू?"

खोटं कशाला बोलू, घेऊन टाका सही, असं मी मनात म्हणत होतो. सही झाली की निबंध जाईल, प्रमाणपत्र येईल, तीन वर्षांचं सार्थक होईल. ताईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, आधी ऐक. आणि सगळं सांगितलं. तो तपासायला आला होता तेव्हापासून.

ती ऐकत होती. पोराचा सुजलेला हात तिच्या तळहातावर होता.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"हळदीच्या आधी?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

ताईंनी सांगितलं. नियम, परवानगी, ती तिसरी मुलगी, कोठीतला धडा. त्यांचा आवाज बारीक होत गेला. तिने पेन खाली ठेवलं.

"तर त्या शिकवणाऱ्यालेच विचारा ना ताई," ती म्हणाली, "आता मी याचं काय करू."

निबंध गेलाच नाही. नावं बदलून पाठवता आला असता, विद्यापीठाने मुदतही वाढवून देऊ केली होती. त्या कोठीत पुन्हा बसल्या नाहीत. सतरा वर्षं त्या कंत्राटी होत्या. दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करायच्या, या वेळी केली नाही. काटोलला भावाकडे गेल्या, एवढंच कळलं. जाताना त्या मला सांगूनही गेल्या नाहीत, आणि याचा मला आजही राग आहे.

चारेक महिन्यांनी ती पोराला घेऊन माझ्या खिडकीशी आली. फॉलिक अॅसिडची गोळी अर्धी करून पाण्यात कशी द्यायची, ते मी दाखवलं. ती तिथेच उभी राहिली.

"ताई कुठं गेल्या?"

मी सांगितलं.

"मले त्यायच्याशी भांडाचं होतं. त्या दिवशी काही सुचलंच नाही. आता रोज सुचते."

तिने नंबर मागितला. दुसऱ्याचा नंबर त्याला विचारल्याशिवाय देऊ नये, एवढं कोठीबाहेरच्या स्टुलावर बसून मीही शिकलो होतो. मी नंबर दिला.

पायरीवर बसून तिने लगेच फोन लावला. आवाज मोठा होता, रिंग मला खिडकीत ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला. मग पुन्हा. मागे रांग खोळंबली होती, पण मी कोणाला पुढे घेतलं नाही.

"नाही उचलत," ती म्हणाली.

मी म्हटलं, उद्या करून बघ.

"रोज करीन," ती म्हणाली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन निघाली.