पुसलेले बावीस ठिपके

हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही. आता सांगतानाही चिडचिड होतेय — स्वतःवरच.

पवईला एका तपासणी लॅबच्या ऑफिसात मी आकडेमोड करते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या बायकांना एका भेटीला किती मिनिटं लागतील, याचा अंदाज बांधणारं मॉडेल मी बनवलं होतं. अंदाज बरा आहे की नाही, हे कसं कळतं? प्रत्येक भेटीत तो किती चुकला, त्याचे ठिपके आलेखावर टाकायचे. शून्याच्या रेषेभोवती ते कसेही विखुरले असतील तर ठीक. घोळका दिसला, तर आपल्याकडून काहीतरी सुटलंय.

माझ्या आलेखात घोळका होता. बावीस ठिपके, रेषेच्या बरेच वर — म्हणजे अंदाजापेक्षा खूप जास्त वेळ लागलेल्या भेटी. आणि साहेबांना दुसऱ्या दिवशी दाखवायला स्वच्छ चित्र हवं होतं. अशा वेळी कारण शोधायचं असतं, नाही का? शोधलं की मी! तिथेच तर सगळा राग आहे. बावीसच्या बावीस भेटी नमुने घेणाऱ्या शारदाताईंच्या होत्या, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या. मॉडेलला अंतर माहीत होतं, चढ माहीत नव्हता. हे मला कळलं — आणि तरी मी ते ठिपके ‘अपवाद’ म्हणून काढून टाकले. आलेख झकास दिसला. साहेबांनी कौतुक केलं, तेही मी मुकाट घेतलं.

त्याच अंदाजावर सगळ्यांचं काम मोजलं जाऊ लागलं. चार महिन्यांत शारदाताई ‘संथ’ ठरल्या आणि त्यांना कामावरून कमी केलं. शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. भांडायला आल्या असत्या तर — पण नाही, त्यांना फक्त विचारायचं होतं.

“मॅडम, त्या कॉम्प्युटरमध्ये पायऱ्या धरल्यात ना?”

मी स्क्रीनवरची नजरही हलवली नाही. “हो, सगळं धरलंय,” म्हणाले.

“मग माझेच पाय थकले असतील,” त्या म्हणाल्या, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

साहेबांची घाई होती, मी नवीन होते — जाऊ दे, त्यात काही अर्थ नाही. शारदाताईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. पहिला आलेख, त्या बावीस ठिपक्यांसकट, अजून माझ्याकडे आहे. तो मी आजवर कुणालाही दाखवलेला नाही.