नानांनी तापवलेलं पॅकिंग

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सावद्यात मोटरसायकली दुरुस्त करायचे. सायलेन्सर इंजिनाला जोडतात तिथे तांब्याची एक कडी बसते, तिला पॅकिंग म्हणतात. ती दबून कडक झाली की सांध्यातून धूर फुटतो आणि गाडी फटफट करत सुटते. बाकीचे मिस्त्री जुनं पॅकिंग फेकून नवं टाकत. नाना जुनंच लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचे, की तांबं पुन्हा मऊ. नवं टाकणाऱ्याला ते मिस्त्रीत धरतच नसत.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय दोन महिन्यांत चालता झाला, हात तेवढा राहिला. वरखाली व्हायचा, पण बोटं वळत नसत आणि कातडीला काही कळत नसे. दुकानाचं शटर खाली आलं. पण सुंभ जळालं तरी पीळ थोडाच जातो? एक गाडी आपल्या हातानं पुरी झाली की शटर वर करतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या गाडीखातर ते जगत होते म्हटलं तरी चालेल. ती गाडी निघाली माझी. मी जळगावहून फटफटत आलो आणि नाना अंगणातच उभे होते.

"फैजपूरहून नवं पॅकिंग आणतो," मी म्हणालो.

"तुह्या बापानं कधी नवं टाकलं का?"

दोन नट डाव्या हातानं सोडवायला त्यांनी निम्मी सकाळ घालवली. मला पान्याला शिवू देईनात. माझा जीव खालीवर होत होता, त्यांचा नव्हता. मग सांडशीत पॅकिंग धरून आईच्या गॅसवर लाल केलं. "आता सायलेन्सरबी शिजवा, मी भाजी टाकत नही," आई म्हणाली. नाना हसले. आजारपणानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जेवायची वेळ टळल्यावर गाडी चालू केली. सांध्याजवळ तळवा धरायचा, गरम झोत लागला तर गळतंय, ही त्यांची परीक्षा. सवयीनं उजवाच हात पुढे गेला. आवाज कमी झाला होता, बंद झाला नव्हता. धूर त्यांच्या तळव्यावर आपटताना मला दिसत होता. तळवा घसरून नळीला टेकला, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"बंद झालं ना?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांचा हात हळूच बाजूला घेतला. म्हणालो, "एकदम बंद, नाना."

मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं मला. जळगावात शिरल्या शिरल्या पहिल्याच गॅरेजवर नवं पॅकिंग टाकून घेतलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. शटर उघडं असेल म्हणून घराआधी दुकानाकडे वळलो. शटर खालीच होतं. घरी नाना खाटेवर बसले होते, उजव्या तळव्याला पट्टी. गाडीचा आवाज त्यांनी ऐकलाच असणार.

"नवं टाकलं ना?"

मी पुन्हा खोटं बोलणार होतो, तेवढ्यात आई बोलली, "तू गेला आन् हातावर फोड आला. तवाच समजलं त्याहिले, झोत सुरूच व्हता म्हनून."

मग मी हो म्हणालो. तुमचं मन मोडवेना, असंही काहीतरी पुटपुटलो. मला माझीच लाज वाटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"हाताचं मले ठावं व्हतं रे," नाना म्हणाले. "म्हनून तं तुले इचारलं. धूर गयतो म्हनला असता, तं दिवस बाकी व्हता. मी पुन्हा खोललं असतं."