खोलीखोलीची वेळ

एका घरात चार घड्याळं, चारही वेळा वेगळ्या, आणि तरीही संसार बिनबोभाट चालवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल. तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. म्हणजे हडपसरच्या आमच्या सोसायटीत, वरच्या मजल्यावर. हे सर लोणी काळभोरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. तेव्हा सगळी दुनिया कॉम्प्युटरच्या क्लासला निघाली होती, पण सरांचा जीव गेज सिद्धांतावर. "सर, किती वाजले?" विचारलं की ते गंभीरपणे विचारत, "कुठल्या खोलीत?"

या सिद्धांतावरून त्यांचं म्हणणं असं, की घड्याळ कसं लावायचं हे ज्या त्या खोलीचं स्वातंत्र्य. निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. फक्त एका खोलीतून दुसरीत जाताना फरक सांगणारं कुणीतरी हवं, तेच फील्ड. हे फील्ड चिठ्ठ्यांच्या रूपानं दारोदारी चिकटवलेलं असे: 'हॉलकडे जाताना सात मिळवा', 'बेडरूमकडे बारा वजा'. रेडिओशी जुळणारं घड्याळ एकच, हॉलमधलं. पाहुणे निघण्याआधी कागद-पेन्सिल मागत. "घरभर फिरून मूळ जागी आलात की बेरीज शून्य यायला हवी," सर बजावत. "नाही आली तर समजा, घरात बल आहे."

"बल कसलं, डोक्याला ताप आहे," सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून म्हणत.

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला निघाली, त्या दुपारी मी निरोप द्यायला वर गेलो. मुंबईच्या विमानतळाला नेणारी गाडी दोनला येणार होती. सगळे स्वयंपाकघरात जेवत होते. सुजातानं मनगटावर कौतुकानं अमेरिकेची वेळ लावून ठेवलेली, त्यामुळे तिनंही भिंतीवरच्या घड्याळावर आणि दारावरच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवली. हिशेबानं एक वीस झाले होते. "भरपूर वेळ आहे, भात घे," सर म्हणाले. तेवढ्यात ड्रायव्हर दारात. "मॅडम, दोन वाजले. निघायचं ना?"

वहिनींनी पदर खोचून चिठ्ठ्या वाचत घरभर फेरी मारली. बेरीज चाळीस उरली! स्वयंपाकघराच्या दारावरची चिठ्ठी नवीकोरी होती, डिंकही वाळला नव्हता.

"चुकली वाटतं बेरीज," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. इतकी वर्षं फळ्यावर ज्यांचं अधिक-वजाचं एक चिन्ह चुकलं नाही, ते सर.

सुजातानं चिठ्ठीकडे पाहिलं आणि खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"दादा, तुम्हीही आत या," ती ड्रायव्हरला म्हणाली. "विमानाला वेळ आहे. बाबा, अर्धा कप चहा टाका ना, तुमच्या हातचा."

सर उठले, गॅस पेटवला, आणि चहा न घालता कितीतरी वेळ नुसतं पाणीच उकळत ठेवलं.