हमीदचाचांचं लॉन आणि हुमणी

लॉनखालच्या किड्यांवर पोट भरणारे दोघंच, बगळे आणि मी! माणगावात राहतो, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टची लॉनं सांभाळतो आणि दर फेरीला एखादा किस्सा घेऊन परततो. त्यातले निम्मे एकट्या हमीदचाचांचे.

*

चाचा पंचवीस वर्षं दुबईत नोकरी करून दिवेआगरला परतलेले. नारळाच्या वाडीत होमस्टे, पुढे लॉन. डिसेंबरात मुलीचं, सनाचं, लग्न याच लॉनवर करायचं ठरलेलं. ऑगस्टात लॉन पिवळं पडलं तसा मला फोन आला.

मी विचारलं, "बगळे येतात का?"

"येतात म्हणजे! रोज सकाळी थवाच्या थवा! गेस्ट फोटो काढतात. नेचर आहे, नेचर!"

"चाचा, ते नाश्त्याला येतात!"

*

माझ्या जोडीला तुकारामकाका. उभा जन्म भातशेतीत गेलेला, त्यामुळे लॅब रिपोर्टची आम्हाला गरज पडत नाही. चाचांना वाटत होतं, पाणी कमी पडतंय. ऑगस्टात, रायगडात! काकांनी पिवळ्या गवताची कड धरली आणि चटईसारखं गुंडाळत नेलं. मुळं साफ खाल्लेली, खाली हुमणीच्या पांढऱ्या, जाडजूड अळ्या.

काका शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे गुंडाळलेलं. लग्नापतोर भिजाया नको!"

*

हुमणी आली कुठून? मे महिन्यात चाचांनी प्रेमानं ट्रॉलीभर कच्चं शेणखत पसरलं होतं. पाऊस पडताच हुमणीच्या भुंगेऱ्यांनी त्यात अंडी घातली.

"म्हणजे दावत मीच दिली?"

"व्हय," काका म्हणाले, "आन् पावनं न्हाय म्हनालं न्हाय!"

*

आम्ही माती उकरून अळ्या वेचल्या. उरलेल्यांसाठी हुमणीला रोग लावणारी बुरशी पाण्यातून सोडली. तिला काही आठवडे लागतात. चाचांना दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या बघायच्या होत्या.

"दुबईत अर्ध्या तासात काम होतं!"

"मंग हुमणीचा व्हिसा काढा!" काका म्हणाले.

मी हसलो, पण चाचा हसले नाहीत. म्हणाले, "मुलीचं लहानपण मी फोनवर बघितलं. लग्न तरी दारात व्हायला पाहिजे." मला वाईट वाटलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "डिसेंबरात लॉन हिरवं दिसलं नाही, तर धंदा बंद करीन!"

*

डिसेंबरात लॉन हिरवंगार! मी ऐटीत सहकुटुंब लग्नाला पोचलो, तर मांडव शेजाऱ्यांच्या सुपारीच्या वाडीत! लॉनभोवती दोरी बांधलेली आणि दोरीपाशी शेरवानी घालून खुद्द चाचा, पाहुण्यांना पिटाळत उभे.

"चाचा, लग्न लॉनवर होतं ना?"

"एवढ्या मेहनतीनं आलंय. सगळं गाव तुडवेल त्याला!"

निकाह झाला, जेवणं झाली. सासरी निघायच्या आधी सना दोरीशी येऊन उभी राहिली.

"अब्बा, मी तरी जाऊ?"

चाचांनी डोळे पुसले आणि दोरी खाली दाबून धरली.

"जा बेटा. चप्पल काढून. आणि दूल्ह्याला सांग, कडेकडेनं!"