दत्तोबांची थंड गाडी

दत्तोबा गेल्याची बातमी मोबाइलवर आली. गुलाबाची दोन फुलं, जोडलेले हात, आणि खाली थोरल्या मुलाचं नाव बापाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मी शनिवार पेठेतला, खवचट म्हणून ओळखला जाणारा माणूस. पण त्या दिवशी मला टोमणासुद्धा सुचला नाही. दहाव्याला त्यांच्या गावी, मांजरीला गेलो तर चौकात फ्लेक्स. फेटा बांधलेले दत्तोबा आणि मागे ट्रक... कोरा करकरीत, कुठल्या तरी जाहिरातीतून उचललेला. ज्या गाडीवर या माणसाने जन्म काढला, तिचा एक फोटो पोरांना सापडला नाही. सापडला नाही कसला, शोधलाच नाही.

माझं नाना पेठेत ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. दत्तोबांची मांजरीला थोडी शेती आणि एक जुना ट्रक. ऊस, खडी, विटा, मिळेल तो माल वाहायचे. गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. एका थंडीत माझ्याकडून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नवे इंजेक्टर घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत परत येऊन काउंटरवर हात आपटला. सकाळी गाडी चालू करताना थरथरते, मिसिंग करते, म्हणजे मधेच ठोके चुकवते, पांढरा धूर ओकते, तापली की नीट चालते. तेव्हा तुमचा माल खोटा, असं दुकानभर गिऱ्हाईक असताना म्हणाले. मी काय ऐकून घेणार? म्हटलं, माल खोटा निघाला तर दुकानाची पाटी उतरवतो. त्यावर म्हणाले, उद्या सकाळी या, गाडी थंड असताना.

गेलो. रागाच्या भरात माणूस कुठंही जातो. घराशेजारच्या उतारावर ट्रक उभा, चाकापुढे एक काळा दगड. सेल मारून इंजिन उचललं नाही, तर दगड काढायचा आणि गाडी उतारावर सोडून चालू करायची, अशी ती सोय. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी कुणाला गाडीला हात लावू दिला नव्हता. "थंड गाडी खोटं बोलत न्हाई, शेठ," ते म्हणाले. "तापल्यावर काय, सगळ्याच ग्वाड बोलत्यात." सेल मारला. इंजिन खोकलं, हललं, कसंबसं उठलं. मग दत्तोबा एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा सैल करत गेले. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिनचा आवाज पडतो. पहिल्या तिन्ही वेळी तो पडला. चौथ्याला मात्र पडला नाही, म्हणजे चौथा मुळात कामच करत नव्हता. बघा तुमचा इंजेक्टर, म्हणाले. मी म्हटलं, चौथ्याचा तिसऱ्याला घाला, तिसऱ्याचा चौथ्याला, आणि मग बोला. त्यांनी तसं केलं, पण एव्हाना इंजिन तापलं होतं. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरी! इंजेक्टर बदलूनही चौथाच झोपलेला. म्हणजे माझा माल चोख, त्यांचा सिलिंडर आतून झिजलेला. माफीबिफी त्यांनी मागितली नाही. पण पुढच्या खेपेला दुकानात आले आणि तसंच भरल्या गिऱ्हाइकात म्हणाले, की शेठचा माल खरा, माझाच चौथा म्हातारा झालाय. एवढं कोण करतं हो?

ते इंजिन त्यांनी कधीच खोललं नाही. त्याला जरा वेळ द्या, येतो त्यो, म्हणायचे. पुढे वर्षानुवर्षं थंडीत एखाद्या सकाळी मी जायचो. इंजिन खोकत राहायचं आणि आम्ही दोघं चहाचे कप धरून गप्प उभे. मग कधीतरी चौथा लागायचा, आवाज एकसारखा व्हायचा आणि दत्तोबा म्हणायचे, "आला." एवढंच. आमची दोस्ती म्हणाल तर ही.

गेल्या वर्षी ते आजारी पडले, हडपसरच्या दवाखान्यात ठेवलं. रोज मुलांना बजावायचे, गाडी चालू करत जा, बॅटरी उतरंल. मुलं हो म्हणायची. एक दिवस मी शेजारी बसलेलो असताना थोरल्याने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावून त्यांच्या कानाशी धरलं आणि म्हणाला, अण्णा, ऐका तुमची गाडी. एका झटक्यात इंजिन चालू झालेलं, आवाज लोण्यासारखा. दत्तोबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. झ्याक हाय, म्हणाले. पोरगं खूश होऊन गेलं. मग डोळे न उघडताच मला म्हणाले, "शेठ, ती तापलेली गाडी हाय. दुसऱ्याची. आपली कुठं हाय, तेवढं बघून या."

मी गेलो. उताराचं सपाटीकरण झालेलं, भोवती पत्रे ठोकलेले, बिल्डरची पाटी. कडेला तो काळा दगड तेवढा पडलेला. गाडी भंगारवाला घेऊन गेला, असं वॉचमनने सांगितलं. थोरल्याला फोन केला तर म्हणाला, काका, त्यांना त्रास नको म्हणून सांगितलं नाही. त्रास! गाडी मोडीत निघायचीच होती, हे मलाही कळतं. विका ना. पण ज्याची आहे त्याला विचारा, निदान सांगा. माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे काय कुक्कुलं बाळ झाला?

दुसऱ्या दिवशी दत्तोबांना खरं ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "चालवत नेली का वढत?" म्हटलं, ओढत, वॉचमन सांगत होता, कुणाकडूनच चालू झाली नाही. म्हणाले, "चौथ्यासाठी थांबले नसतील."

मला वाटलं, विषय संपला. पण त्यानंतरही मुलं आली की ते रोज विचारायचे, गाडी चालू केली का? आणि मुलं रोज सांगायची, केली, अण्णा. मला ते ऐकवेना. एकदा न राहवून म्हटलं, दत्तोबा, माहीत असून कशाला विचारता? म्हणाले, "एकदा तरी खरं सांगतील." शेवटपर्यंत विचारत होते. शेवटपर्यंत एकाचीही जीभ वळली नाही. या गोष्टीचा राग माझ्या मनातून जात नाही आणि जावा असंही वाटत नाही.

दहाव्याहून परतताना तो दगड मी रिक्षात घालून घरी आणला. दाराशी ठेवलाय. बायको दोनदा बोलली, आता दगड चुकवून झाडते. सकाळी आमच्या गल्लीत दुधाचा टेम्पो चालू होताना खोकतो, तेव्हा मी हातातला चहा तसाच धरून उभा राहतो. आवाज एकसारखा झाला की आत येतो.

परवा थोरला महिन्याच्या श्राद्धाचं सांगायला आला होता. आत येताना पाय अडखळला. खाली बघून म्हणाला, "काका, दारात दगड कशाला ठेवलाय? ठेच लागेल कुणाला तरी."

म्हटलं, "लागू दे."