शेंडीवाल्याची चित्राहुती

आई गेल्यावर बाबांना मी इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला घेऊन आले आणि इथे आल्यावर त्यांनी जेवणच सोडलं. म्हणजे पानावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि "झालं" म्हणून उठायचे. मी स्वतः डॉक्टर, त्यामुळे सगळ्या टेस्ट करून घेतल्या. सगळं नॉर्मल. मग चिडून पाहिलं, आमटीत गूळ वाढवून पाहिला. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि मी मनातून पार घाबरले होते.

माझी मुलगी तेव्हा चिलीतल्या झुडपी माळरानावर एका पक्ष्याचा अभ्यास करत होती. चिमणीहून लहान, छातीवर काळ्या रेघा आणि डोक्यावर पुढे वळलेला तुरा. एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर तो दाखवला आणि बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

"हा तर शेंडीवाला. अगदी भिक्षुक दिसतोय. काही खाल्लं का त्याने सकाळपासून?"

"आजोबा, तो ऑल डे खाते. छोटे छोटे किडे. एक सेकंद पण स्टिल बसत नाही. तुम्ही काय खाल्लं?"

बाबा पाखराकडेच बघत राहिले. "हवा," मीच म्हटलं.

ती रोज क्लिप पाठवू लागली. शेंडीवाल्याच्या जेवणाची चौकशी रोज व्हायची, बाबांचे घास मात्र दोनच. मला त्या पाखराचा रागच येऊ लागला.

मग एका दुपारी त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि भाताची शितं बाजूला काढून ठेवली. आई गेल्यापासून त्यांनी चित्राहुती घातली नव्हती. वाढणारीच नाही तर कसली चित्राहुती, म्हणायचे. आज पूर्वीपेक्षा एक जास्त होती.

"ही कोणाची?"

"शेंडीवाल्याची. बाहेर ठेवून ये."

"बाबा, तो चिलीत आहे. आणि तो भात खात नाही."

"माहीत आहे मला. इथला त्याचा कोणी भाऊबंद खाईल. पण एकदा चित्राहुती घातली की पानात टाकायचं नाही, असं तुझी आई म्हणायची."

मी शितं बागेतल्या कट्ट्यावर ठेवली. परत आले तर बाबांचं ताट स्वच्छ होतं.

"अजून भात आहे का?" त्यांनी विचारलं. "की सगळा पाखरांना घातलास?"

कुकरमध्ये भात उरला नव्हता. दोघांपुरता भात लावायची माझी सवयच गेली होती. डोळे पुसत मी पुन्हा तांदूळ धुतले.