भानुमतीचे दोन तास

हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्यातले नीलकंठराव खोरगडे बहिरे होते, आणि ते कुणाला कळू नये म्हणून समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावून "हो, हो" म्हणायचे. कारखान्यात घणाच्या शेडमध्ये एकतीस वर्षं काढल्यावर कान कुणाचे शाबूत राहतात? निवृत्त झाले तेव्हा जावयाने कानामागे अडकवायचं यंत्र आणून दिलं. पहिल्याच दिवशी बायकोचा आवाज ऐकून या कडक माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. भानुमतीबाई मुळात बोलक्या. इतकी वर्षं बिचाऱ्या भिंतीशी बोलत होत्या. मग काय, सकाळच्या चहापासून जी सुरुवात व्हायची ती अंथरुणं पडेपर्यंत.

यंत्र जोरदार होतं, त्यामुळे सेलही भराभर खायचं. बटणाएवढे ते सेल परदेशातून यायचे. कमानिया गेटजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात सुटे मिळत, आणि पेन्शनमध्ये बसतही.

एक्क्याण्णवच्या जुलैत सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपयाची किंमत उतरवली. नीलकंठरावांनी पेपरात ते वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. त्यांचा डॉलरशी काय संबंध? जन्मात पाहिला नव्हता. संबंध कळला तो महिन्याभराने, दुकानात गेल्यावर. दुकानदार भला माणूस, त्याने पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं, "अण्णाजी, बंबईवाला अब पूरा पैसा पहले माँगता है। खुला नहीं दे पाऊँगा, छह का पैकेट लेना पड़ेगा।" खालचा आकडा पूर्वीच्या दुपटीहून जास्त होता. नीलकंठराव भडकले, पण भांडायचं कुणाशी? दुकानदाराच्याच काचेच्या कपाटाचे अर्धे खण रिकामे पडले होते.

घरी येऊन त्यांनी ठरवून टाकलं. यंत्र लावायचं संध्याकाळी सहा ते आठ, बस.

भानुमतीबाई दिवसभराचं बोलणं साठवून ठेवू लागल्या. पण त्या दोन तासांतही आधी शिरायचे ते भाव. गोडेतेल पुन्हा चढलं, साबणाची वडी लहान झाली, दूधवाला पाणी वाढवून राहिला. नीलकंठराव चिडून म्हणायचे, "महागाई ऐकायला सेल जाळून राहिलो काय मी? दुसरं सांग." मग बाई दुसरं सांगायच्या. गढ्याला राहणाऱ्या बहिणीची सून कशी रुसली, नात शाळेत हिंदीत मोठं भाषण करते पण आजीशी मराठी बोलायला कशी लाजते. त्या दोन तासांसाठी म्हातारा दिवसभर घड्याळाकडे बघायचा. खोटं कशाला बोला, नवं लग्न झालं तेव्हाही त्याने बायकोची एवढी वाट पाहिली नव्हती.

आठ वाजले की यंत्र बंद. बाई मात्र थांबायच्या नाहीत. त्यांचे ओठ हलत राहायचे आणि नीलकंठराव मान डोलवायचे. "हो, हो."

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ते यंत्र चालू ठेवूनच खुर्चीत पेंगले. जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. भानुमतीबाई समोर बसून मेथी निवडत होत्या आणि नेहमीच्याच शांत चेहऱ्याने बोलत होत्या.

"आज पण गोळी नाही घेतली जी मी, ब्लडप्रेशरची. एक दिवसाआड घेऊन राहिली. तीही महागली नं. डोकं फार ठणकते, पण तेवढ्या पैशात तुमचं सेलचं पाकीट येऊन जाते. चालते नं?" असं म्हणून त्यांनी वर पाहिलं.

सहा महिने. सहा महिन्यांत किती वेळा तिने हे विचारलं असेल, असंच समोर बसून, असंच तोंडाकडे बघून! आणि दर वेळी ते "हो, हो" म्हणाले होते. बायको चोरून काही करत नव्हती. ती विचारून करत होती.

"नाही," ते म्हणाले.

मेथीची काडी बाईंच्या हातातच राहिली. "ऐकून राहिले काय तुम्ही?"

"ऐकून राहिलो. गोळ्यांचा डबा आण."

"अहो, पण पुढच्या महिन्यात सेल..."

"चुलीत गेला तो सेल! सहा ते आठात काहून नाही सांगितलं हे?"

"महागाईचं नको सांगू म्हणाले होते नं तुम्ही."

डबा त्यांनीच शोधून आणला, गोळी तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले. मग म्हणाले, "आता बोल. हा सेल संपेपर्यंत बोल."

पण जन्मभर बोलत आलेल्या भानुमतीबाईंना त्या वेळी एक शब्द सुचेना. त्या पदर तोंडाला लावून रडत राहिल्या आणि नीलकंठराव ते ऐकत राहिले. पाकिटातला तो शेवटचा सेल होता. पुढचं पाकीट त्यांनी कधीच आणलं नाही.